सुनेचा मणका

बिश्केक, वसतिगृह, खोली ४१
१४ ऑक्टोबर १९९९

आई, सलाम.

शरीरशास्त्रात मी नापास झाले. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते, कारण कासीम आज ट्रक घेऊन परत निघालाय आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. आक-बुलुंगला पोचेपर्यंत त्याने वाटेतल्या चार चहाच्या दुकानांत सांगितलेलं असेल की कालिपाची सून नापास झाली.

आता का झाले तेही ऐका. हाडं येत नाहीत म्हणून नव्हे. प्राध्यापक आशिरोवने विचारलेली सगळी हाडं मी सांगितली, डावं कुठलं आणि उजवं कुठलं तेही. त्याने वही मिटली आणि म्हणाला, "सूनबाई, गावाकडे मेंढ्या असतीलच तुमच्या."

मी म्हटलं, आहेत तीस.

"तिसांतली एक कमी झाली तर कुणाला कळतंय?"

मी म्हटलं, मला कळेल. रोज संध्याकाळी मी त्या मोजून आत घ्यायची.

त्याने माझ्या नावापुढे दोनचा आकडा टाकला. पाचांपैकी दोन म्हणजे नापास. वर म्हणाला, "चहा ओतायला शिकलेल्या हातांनी चहाच ओतावा." खोलीत आम्ही दोघंच होतो आणि दार लावलेलं होतं. बाहेर आले. रडू नाही आलं आई, संताप आला. पहाटे चारला उठून मी त्याच माणसाच्या चिरफाडीच्या खोलीची फरशी पुसते, तेव्हा कुठे मला वसतिगृहात खाट मिळते. नळ गोठतात, म्हणून आदल्या दिवशीच बादली भरून ठेवते, तर सकाळी बादलीत बर्फ. वर्गातली अठरा वर्षांची पोरं मला वहिनी म्हणतात. ते सगळं चालतं मला. हे नाही चालत.

मी इथे हौसेने आले नाही. डॉक्टर श्मिट जर्मनीला गेल्यावर आपल्या खोऱ्यात गुरांना डॉक्टर उरला नाही. शहाण्णवच्या हिवाळ्यात आपल्या अकरा मेंढ्यांनी गाभ टाकला, ती मेलेली कोकरं मी या हातांनी उचलून पुरली, आणि दोन महिन्यांनी माझं पाच महिन्यांचं पोट पडलं. तुम्ही म्हणालात नजर लागली. आई, पुस्तकात त्याला पानभर जागा दिलीय. तो मेंढ्यांचा रोग आहे, हाताला लागतो आणि बाईच्या पोटात जातो. एक जोडी रबरी हातमोजे पुरले असते. सांगायला माणूस नव्हता एवढंच. तो माणूस मी होणार आहे.

जूनमध्ये पुन्हा परीक्षा. तेव्हाही दोन मिळाले तर नाव काढून टाकतात.

आयदायचा पापा घ्या. तुमच्या लेकाचं, मेडेरचं पत्र आलं का? मला तरी नाही.

बुरुल


आक-बुलुंग
२ नोव्हेंबर १९९९

बुरुल,

पत्र पोचलं. कासीमने सांगितलंच होतं. चार नव्हे, सहा दुकानांत.

एक मेंढी मागितली तर एवढा आकांत कशाला? तुझ्या सासऱ्यांच्या वेळी शाळामास्तर उंबऱ्यात आला की आधी मेंढा पडायचा आणि मग विचारायचे, काय काम काढलंत. मुंडी, म्हणजे पहिला मान, मास्तरांपुढे जायची. गुरूने खायला मागितलं तर लाज गुरूला नाही, घरधन्याला. तू शिकायला गेलीस आणि आपलं वळण विसरलीस. काळ्या कानाचा मेंढा चांगला धरलाय, पुढच्या फेरीला कासीमबरोबर पाठवते.

नाहीतर सरळ परत ये. माझे गुडघे असे दुखतात की वाकून पाणी भरता येत नाही, संध्याकाळी अंगात ताप असतो. पाण्यावर बायका विचारतात, कालिपा, सून आहे की नाही तुला? मी म्हणते आहे. मग म्हणतात, दिसत नाही. यावर मी काय बोलू?

आयदाय बरी आहे. ती मला आई म्हणते आणि तुला बुरुल म्हणते. मी शिकवलेलं नाही. पहिलं नातवंड आजीचं हा आपला रिवाजच आहे, तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस.

मेडेरचा जिल्ह्याच्या पोस्टात फोन आला होता. तुला सलाम सांगितलाय. तिकडे रशियात लाकडाच्या गिरणीत काम फार, म्हणून लिहायला होत नाही. बुरुलला हवं ते करू दे, म्हणाला.

तुझी सासू कालिपा


बिश्केक
२० नोव्हेंबर १९९९

आई,

मेंढा पाठवलात तर मी त्याच ट्रकने, त्याच्याच शेजारी बसून परत येईन. मग ठेवा दोघांना बांधून.

तुम्हाला वाटतं हा माणूस उंबऱ्यात आलेला मास्तर आहे. तर त्याचा कारभार ऐका. संस्थेच्या मागे गुरांचा बाजार आहे. तिथे त्याचा मेव्हणा मेंढ्या विकतो. शहरातल्या पोरांकडे मेंढी कुठून असणार? ती मेव्हण्याकडून घेतात आणि आशिरोवच्या अंगणात नेऊन बांधतात. दोन दिवसांनी तीच मेंढी पुन्हा मेव्हण्याकडे उभी. फाटक्या कानाचा एक मेंढा मी सप्टेंबरपासून तीनदा विकला गेलेला पाहिलाय. बिचाऱ्याला शरीरशास्त्र एव्हाना तोंडपाठ झालं असेल.

आणि बोलणं कसं, तर साळसूद. "घरून काही आणलं नाहीत?" ताकाला जाऊन भांडं लपवायचं. मी तक्रार करायला वर गेले, तर कारकून बाई म्हणाली, मेंढी द्या, असं त्यांनी म्हटलं का? साक्षीदार आहे का? चोर तो चोर आणि वर शिरजोर.

गुरूला जेवू घालायला मी कधी नाही म्हटलं? पण आपल्याकडे जेवण सगळ्यांसमोर होतं. कुणाला कुठलं हाड दिलं ते घरातलं लहान मूलसुद्धा पाहतं. हे दार लावून होतं. जे दार लावून होतं त्याला मी पाहुणचार म्हणणार नाही, तुम्ही रागावलात तरी.

गुडघ्यांचं आणि तापाचं जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन सांगा. रक्त तपासायला सांगा. मला वाटतं तुम्हालाही तोच रोग आहे. नजर नाही, रोग.

मेडेर तुम्हाला फोन करतो, मला चार ओळी लिहीत नाही. त्याला म्हणावं, सलाम खिशात घालून परीक्षेला बसता येत नाही.

बुरुल


आक-बुलुंग
५ जानेवारी २०००

बुरुल,

बर्फाने घाट बंद होता, म्हणून उशीर.

रक्त तपासलं. तू म्हणालीस तेच निघालं. बारक्या डॉक्टरणीने विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हटलं, सुनेने. ती नापास झालीय.

तुझं एक वाक्य मी दोनदा वाचलं. जेवण सगळ्यांसमोर होतं, हे. मेंढा पाठवत नाही. पण गेल्या साली तू लिहिलं होतंस की नवरोजला संस्थेच्या अंगणात प्रत्येक जिल्ह्याची पोरं आपापला तंबू लावतात आणि मास्तर लोक सगळ्या तंबूंत जेवून जातात. आपल्या जिल्ह्याच्या तंबूत यजमानीण कोण असते ते कळव.

मेडेरचा सलाम.

तुझी सासू कालिपा


बिश्केक
११ फेब्रुवारी २०००

कालिपाबाई,

आई लिहायला हात वळत नाही, म्हणून हे.

माझ्या खोलीतल्या अनाराचा भाऊ सुट्टीवर आलाय. तो रशियात ट्युमेनला लाकडाच्या गिरणीत आहे, मेडेर आहे त्याच गिरणीत. मी बिचाऱ्याला चहा दिला, कणकेचे बोरसोक तळून दिले आणि विचारलं, आमचे हे कसे आहेत? पोरगा लाल झाला. अनाराकडे बघायला लागला. शेवटी म्हणाला, वहिनी, त्यांच्या मुलाच्या बारशाला आम्ही सगळे गेलो होतो.

मुलगा दीड वर्षाचा आहे. म्हणजे मी इथे यायला निघाले तेव्हा तो जन्मलेला होता. आणि तुम्हाला माहीत होतं. अनाराचा भाऊच म्हणाला, त्यांनी आईला तेव्हाच कळवलं होतं.

दीड वर्ष तुम्ही मला सलाम पाठवत होतात. कुणाचे? बसून रचलेत? "बुरुलला हवं ते करू दे, म्हणाला." मी ते वाक्य उशीखाली ठेवून झोपले होते, एवढी मूर्ख मी. थंडीत फरशी पुसताना मला वाटायचं, निदान नवरा आडवा येत नाही. तो कशाला आडवा येईल, तो माझ्या वाटेवरच नव्हता.

आशिरोवने दार लावून मेंढी मागितली. तुम्ही खोटं बोलून काय मागत होतात? पाणी भरायला सून?

आता मी कुणाची सून नाही. जूनमध्ये परीक्षा झाली की आयदायला घेऊन जाईन. नवरोजला येऊ नका.

बुरुल


आक-बुलुंग
२८ फेब्रुवारी २०००

बुरुल,

कालिपाबाई तर कालिपाबाई.

रचले. सगळे रचले. मेडेरने फोनवर एकदाच सांगितलं आणि तेव्हापासून त्याचा फोन नाही, हेही ऐकून ठेव. पहिला सलाम लिहिला तेव्हा वाटलं, पोर एकटी शहरात चाललीय, आत्ता नको. मग दुसरा लिहिला, कारण पहिला लिहिला होता. झाकली मूठ उघडायची कशी ते मला शेवटपर्यंत सुचलं नाही. आणि तू म्हणतेस ते पण खरं. मला भीती वाटत होती. तुला कळलं तर तू माहेरी जाशील, आयदायला नेशील आणि मी या घरात तीस मेंढ्यांशी बोलत बसेन. पाणी भरायला सून हवी होती म्हण, खोटं नाही ते. पण तेवढंच होतं असं म्हणशील तर मात्र मी भांडेन.

"हवं ते करू दे" हे मेडेरचं नव्हतं. ते माझं होतं. माझ्या तोंडून तुला कडू लागलं असतं, म्हणून त्याच्या नावावर लिहिलं.

मेडेरला मी पत्र टाकलंय, त्यात सलाम नाही. या उंबऱ्याला पाय लावू नकोस, एवढंच.

तू सून नसशील तर नस. पण तो मास्तर दारामागे बसून माझ्या कळपाकडे बघतो, ते माझं भांडण आहे. नवरोजला मी येतेय. यजमानीण कोण ते तू कळवलं नाहीस, तेव्हा मीच.

कालिपा


बिश्केक
२४ मार्च २०००

आई,

हे काय करून गेलात तुम्ही? तुमचा ट्रक फाटकाबाहेर पडल्यापासून मी डोकं धरून बसलेय. भांडायला तुम्ही थांबला नाहीत, म्हणून सगळं पत्रात भांडते. जे झालं ते माझ्या जागेवरून कसं दिसलं तेही वाचा एकदा.

मी येऊ नका म्हणून लिहिलं होतं. तरी एकवीस तारखेला सकाळी कासीमचा ट्रक आत. वर तुम्ही, पांढरा फडका बांधून, आयदाय मांडीवर आणि काळ्या कानाचा मेंढा शेजारी. आयदायने मला ओळखलं नाही आणि मेंढ्याने ओळखलं. तुम्ही मला म्हणालात, चूल कुठे? एवढंच. दीड वर्षाच्या खोट्यानंतर पहिला शब्द चूल.

मग तुम्ही सगळ्यांना बोलावलंत. आमच्या तंबूत कधी आले नव्हते ते संस्थेचे प्रमुखही आले. आशिरोव तर न बोलावताच आला, मेंढ्याकडे असा बघत होता की कुणाची परीक्षा राहिलीय त्याची उजळणी करत असावा. तुम्ही त्याला दारासमोरच्या मानाच्या जागी, प्रमुखांच्या शेजारी बसवलंत. मी कोपऱ्यात चहा ओतत होते. मला वाटलं, संपलं. आणलाच मेंढा. माझी सहा महिन्यांची अब्रू या बाईने मटणात शिजवली.

मुंडी प्रमुखांना. ठीक. वेरा पावलोव्ना आमच्या सगळ्यात जुन्या बाई, त्यांना मागचा मांसल पुठ्ठा, घरातल्या थोरल्या बाईचा मान. ठीक. नळ्या, पातं, सीना, एकेक थाळी ज्याची त्याच्यापुढे गेली. कुठे काही चुकलं नाही. आणि मग तुम्ही आशिरोवपुढे थाळी ठेवलीत आणि तिच्यात मणका.

तंबूत तीस माणसं होती आई. सगळी आपलीच, सगळ्यांना कळतं. चघळण्याचा आवाज थांबला. घरात सगळ्यांचं झाल्यावर धाकट्या सुनेपुढे जे हाड येतं ते प्राध्यापकाच्या पुढे. तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "आजी, चूक झाली वाटतं."

तुम्ही म्हणालात, "वय झालं बेटा, डोळ्यांना कमी दिसतं. पण मेंढी तीच आहे. तू माझ्या सुनेकडे मागितली होतीस ना दार लावून, तीच. खा पोटभर, लाजू नकोस."

कासीमच्या हातून चमचा पडला. वेरा पावलोव्ना खोकत बाहेर गेल्या, त्या खोकत नव्हत्या. प्रमुखांनी मुंडीवरचा सुरा खाली ठेवला आणि विचारलं, कुठली मेंढी?

आता इथे काय झालंय ते सांगते. आशिरोव जिन्यात दिसला की पोरं पाठीमागून हळूच मणका म्हणतात. बाजारात फाटक्या कानाचा मेंढा तीन दिवस विकला गेला नाही. सगळे माझ्याशी हसून बोलतात. आणि जूनमध्ये माझ्या नावापुढे आकडा घालणारा हात त्याचाच आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तुम्ही सूड घेऊन घाटापलीकडे गेलात, मी इथे आहे.

पण माझा खरा राग त्यावर नाही. तीन दिवस विचार करतेय, आता लिहिते.

तो मणका माझा होता. मी तुमच्या घरी आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. सहा वर्षं, प्रत्येक लग्नाला, प्रत्येक मयताला, प्रत्येक ईदला तुम्ही मला तोच दिलात, सगळ्यांची भांडी उचलून झाल्यावर, गार झालेला. मी तो खाली मान घालून खाल्ला. तुम्ही तो आशिरोवला एकदा दिलात तर तीस माणसांना कळलं की याचा अपमान झाला. मग मला देताना काय होत होतं?

याचं उत्तर द्या. बाकीचं राहू द्या.

बुरुल


आक-बुलुंग
१५ एप्रिल २०००

बुरुल,

कोकरं होण्याचे दिवस आहेत, सविस्तर लिहायला सवड नाही. चोवीस झाली. एकीने गाभ टाकला. तू ट्रकमध्ये ठेवलेले हातमोजे घालूनच उचललं, चुना टाकून पुरलं, आयदायला जवळ येऊ दिलं नाही. शेजारच्या ताबाल्डीने विचारलं, कालिपा, हातांना थंडी वाजते काय? त्याला मी अर्धा तास समजावलं. आता त्यालाही हातमोजे हवेत. दहा जोड्या पाठव.

आयदायचे पुढचे दोन दात पडले. ती विचारते, बुरुलच्या खोलीत अजून बर्फाची बादली आहे का.

तू विचारलेल्याचं उत्तर माझ्यापाशी नाही. मला माझ्या सासूने अठरा वर्षं तोच दिला. मी कुणाला विचारलं नाही. तू शिकलीस, म्हणून विचारतेस, आणि विचारून झाल्यावर मला झोप येत नाही, ते तुला कुठे दिसतंय?

जूनमध्ये नीट बस परीक्षेला. त्याच्याकडे बघू नकोस, हाडांकडे बघ.

कालिपा


बिश्केक
१९ जून २०००

आई,

पास.

आता सांगते, कारण मला अजून राग आवरत नाहीये. नवरोजनंतर प्रमुखांनी ठरवलं की माझी परीक्षा आशिरोव एकटा घेणार नाही, तिघं घेतील. आशिरोव, वेरा पावलोव्ना आणि बाहेरून आलेले एक म्हातारे गृहस्थ. मला वाटलं न्याय झाला. कसला न्याय. बाकीच्या पोरांपुढे हाडं टेबलावर मांडलेली आणि माझ्यापुढे कापडी पिशवी, तोंड दोरीने आवळलेलं. आशिरोव म्हणाला, हिला इतकं येतं म्हणतात तर न बघता सांगू दे. हात आत घालायचा, हाड चाचपायचं, नाव सांगायचं, डावं की उजवं सांगायचं, मग बाहेर काढायचं. नियमात असं काही नाही. वेरा पावलोव्नांनी तसं म्हटलंही. मी म्हटलं, राहू द्या बाई, घालते हात.

आई, त्याला माहीत नव्हतं मी कोण आहे. सहा वर्षं मी जेवणावळींनंतर हाडं गोळा केलीत, अंधाऱ्या पडवीत, दिवा पाहुण्यांच्या खोलीत असताना. कुठलं कुणाच्या थाळीतून आलं हे मी हाताने ओळखायची, कारण कुत्र्याला कुठलं घालायचं आणि कुठलं नाही हे तुम्ही दटावून शिकवलं होतंत. आणि आपल्याकडे हाड तोडत नाहीत, सांध्यात सोडवतात. प्रत्येक सांधा कुठे वळतो ते माझ्या बोटांना माहीत आहे. खांद्याचं पातं, उजवं. मांडीचं, डावं. पुढच्या पायाची नळी, डावी. मी न थांबता सांगत गेले. म्हातारे गृहस्थ खुर्चीतून पुढे सरकले.

शेवटचं एक राहिलं. हात घातला आणि मला हसू आलं. मणका. आशिरोवने मुद्दाम टाकला होता. मणके एकसारखे दिसतात, तिथे भलेभले घसरतात. मी म्हटलं, मानेचा, सातवा. माझ्याएवढे मणके या खोलीत कुणी हाताळले नसतील.

काढून बघितला. सातवाच.

मला पाच द्यायला हवे होते. चार दिले. आशिरोव म्हणाला, लॅटिन उच्चार गावठी आहेत. वेरा पावलोव्ना त्याच्याशी भांडल्या, पण चारच राहिले. त्या एका आकड्यासाठी मी मरेपर्यंत त्याच्यावर रागावलेली राहणार आहे. पण नाव निघालं नाही. तीन वर्षं अजून.

आयदायला पुढच्या वर्षी शाळेत घालायचं आहे. तिला इथे आणते. हिसकावून नाही, तुम्ही सोडायला या. सुट्टीत ती तुमच्याकडे.

मी विचारलेलं विसरलेले नाही.

बुरुल


बिश्केक
२८ जून २००३

आई, सलाम.

काल पदवी हातात मिळाली. लाल कव्हराची नाही, लाल कव्हर सगळ्या विषयांत पाच असणाऱ्यांना. माझी निळी, त्या एका चारमुळे. आशिरोव व्यासपीठावर होता. हात पुढे केला, मी मिळवला. त्याचा हात गार होता.

नेमणूक आपल्याच खोऱ्यात झालीय. मागितली होती, पण मागितलेलं मिळतं असं कुठे असतं, म्हणून तुम्हाला आधी बोलले नाही. डॉक्टर श्मिटची जागा. त्यांचं ते दोन खोल्यांचं ठाणं अजून उभं आहे ना? पंधरा तारखेला मी आणि आयदाय कासीमच्या ट्रकने येतो. आयदाय आता नऊ वर्षांची आहे आणि तिला ट्रकमध्ये पुढेच बसायचं आहे.

एक विचारायचं होतं, तोंडावर जमलं नसतं. मेडेरने पाठवलेल्या तलाकच्या कागदावर मी गेल्या हिवाळ्यात सही केली, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा मी उतरू कुठे? ठाण्याचं छप्पर धड असेल तर आम्ही दोघी तिथे राहू. तुमच्या घरी यायचं तर मी कोण म्हणून येऊ ते मला कळत नाही. तुम्हाला बायका पाण्यावर विचारतीलच.

बुरुल


आक-बुलुंग
६ जुलै २००३

बुरुल,

ठाण्याचं छप्पर ताबाल्डीने आणि मी नीट करून घेतलंय. ते गुरांना आणायला. राहायला नाही.

तू येतेस त्या दिवशी मेंढा पडणार, हे सांगायला नको. काळ्या कानाच्याच वंशातला आहे. ऐनवेळी वाद नको म्हणून गावातल्या म्हाताऱ्यांना काल चहाला बोलावलं आणि विचारलं, बुरुलपुढे कुठलं हाड ठेवायचं? दोन तास भांडत होते. एक म्हणाला, सून होती तर मणका. दुसरा म्हणाला, तलाक झाला, सून कशी, मणका नाही देता येत. मग पाहुणी? पाहुणीला कुणी गोठ्यात हात घालायला बोलावत नाही. लेक म्हणून सीना द्यावा तर लेक दुसऱ्याच्या घरात जन्मलेली. ताबाल्डी म्हणाला, श्मिटला आपण मुंडी द्यायचो, हिला मुंडी द्या. बाकीच्यांच्या हातून पेले पडायची वेळ आली.

मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हटलं, पुठ्ठा.

ते म्हणाले, कालिपा, पुठ्ठा घरातल्या थोरल्या बाईचा. तो तुझा.

मी म्हटलं, माझाच आहे. दुसऱ्याचा मी कशाला देईन? माझा आहे म्हणूनच देतेय.

मग तुझ्यापुढे काय ठेवायचं, म्हणाले. मी म्हटलं, एक हाड उरतंय ना.

थाळ्या कशा मांडायच्या ते मी ठरवते, हे त्यांना नवरोजपासून माहीत आहे. ती गोष्ट कासीमने घाटाच्या अलीकडे पलीकडे कुठे सांगायची ठेवलेली नाही.

तीन वर्षांपूर्वी तू विचारलं होतंस आणि मी म्हटलं, उत्तर नाही. होतं. तुला देताना अपमानच होत होता. मला माझ्या सासूने दिला तेव्हाही तोच होत होता. आशिरोवला कुठलं हाड द्यायचं याचा मला क्षणभरही विचार करावा लागला नाही, यावरून मी ओळखायला हवं होतं की मला ते पहिल्यापासून माहीत आहे. तुझा राग बरोबर होता. माझा चुकला. माझा एकाच माणसावर निघाला.

तेव्हा पंधरा तारखेला घरीच उतर. बायका पाण्यावर विचारतील तर मी सांगेन, बुरुल आलीय. त्यापुढे काय म्हणायचं ते त्यांचं त्या बघतील. तांबडी गाय दोन दिवस चारा खात नाही, हातपाय धुतलेस की आधी तिच्याकडे बघ.

माझे दात चारच उरलेत, पण मणका चोखायला पुरतात. अठरा वर्षं मी तो खाल्ला आणि पुठ्ठा हाती आल्याबरोबर त्याची चव विसरले. या वेळी लक्षात ठेवीन.

कालिपा